गुणी घोड्याचं रक्त

प्रयोगशाळेत जेलीचा थर दिलेल्या बशीत मधल्या खळग्यात विषाणूचा अर्क घालतात आणि भोवतीच्या खळग्यांत घोड्यांच्या रक्तातलं पाणी. घोड्याला रोग असेल तर मध्ये पांढरी रेघ उमटते. मग त्या घोड्याला मारायचं, असा नियम. रेघ नसली तर मालक सुखाने झोपतो.

दादाचं घोडेस्वारीचं स्कूल सहा घोड्यांवर चालायचं. ते सहाही नळ्यांत बसून धाकट्या भावाच्या टेबलावर आले. सहाही रेघा उमटल्या, सहाही सारख्याच अंधूक, एकाच जागी वळलेल्या. सख्ख्या भावंडांचंही इतकं जुळत नाही, हे धाकट्याला घरच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्याने फोन लावला.

"दादा, रक्त कुणाचं काढलंस?"

"घोड्यांचं. माझं कशाला काढू?"

"सहाही घोड्यांचं?"

पलीकडे खोकला. "अरे, बाकीचे सुई बघितली की लाथा झाडतात. म्हातारा गुणी आहे, मान पुढे करून उभा राहतो. म्हटलं, एकाच तबेल्यातलं रक्त, काय फरक पडतोय!"

"आणि डॉक्टर काय करत होते?"

"गाडीत बसले होते. लाथांना घाबरतात रे ते. सह्या मात्र झकास केल्या."

म्हातारा गुणी नव्हता, आजाराने गळून गेला होता. धाकटा साहेबांकडे गेला. नमुने चुकलेत सर, पुन्हा रक्त घेऊ या, म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसला. "प्रत्येक नळीवर 'माझ्या समक्ष' अशी सही आहे. माझा जावई खोटं बोलतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही सर, ते लाथांना..."

"आणि सांगतंय कोण, तर मालकाचा भाऊ! रिपोर्ट चांगला आला असता तर आला असतात का?"

नसता आला. एवढं मात्र साहेबांचं खरं होतं.

मारायची इंजेक्शनं द्यायला जावईच आला. या खेपेस गाडीतून उतरणं भाग होतं. पाच घोड्यांना दोरांनी जखडावं लागलं, इतका त्या आजाऱ्यांच्या अंगात जोर. एकाने लाथेने जावयाची मांडी शेकून काढली. दादा दोर धरून उभा होता.

शेवटी म्हाताऱ्याला आणलं. सुई दिसताच त्याने मान पुढे केली.

"एवढा एकच गुणी निघाला बघा," मांडी चोळत जावई म्हणाला.