दिलेली वस्तू

बंगल्यातून दिलेली वस्तू आमच्या आबांच्या लेखी कधीच आमची होत नाही. ती आमच्याकडे असते, एवढंच.

आबा म्हणजे माझे वडील सखाराम, खंडाळ्याच्या एका बंगल्यावर राखणदार आहेत. बंगला मुंबईच्या लोकांचा. ते सुट्ट्यांना येतात, बाकीचं वर्ष आम्ही तो झाडतो, पुसतो आणि मागच्या एका खोलीत राहतो. मी लहान असताना बंगल्याच्या बाईंनी आईला एक जुनी इस्त्री दिली होती. काही वर्षांनी त्यांनी सहज विचारलं, "सखाराम, ती आपली इस्त्री होती, तिचं काय झालं रे?" आबा आत गेले आणि कॉटखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली इस्त्री घेऊन आले. आईने ती एकदाही वापरली नव्हती, आबांनी वापरू दिली नव्हती. बाईंनी पाहुण्यांसमोर त्यांचं तोंडभरून कौतुक केलं, "सोन्यासारखा माणूस आहे." तेव्हापासून आमच्या कॉटखाली बंगल्याची अडगळ साठत गेली. गळका थर्मास, एक काटा गेलेलं घड्याळ, तारा तुटलेल्या रॅकेटी. सोन्यासारख्या माणसाच्या घरात पाय ठेवायला जागा नाही.

आबांनी बाईंचं एकदाच ऐकलं नाही, ते माझ्या नावाच्या वेळी. मी जन्मले तेव्हा बाई बंगल्यावर होत्या. मला बघायला आल्या आणि म्हणाल्या, "किती गोड आहे! हिला पिंकी म्हणा." आई सांगते, आबा हात जोडून म्हणाले, "न्हाई बाई. चैतात आलीया, चैताली म्हनायचं ठरलंय." ठरलंबिरलं काही नव्हतं, त्यांना ते तिथेच सुचलं. बंगल्यावरच्यांनी मला पिंकीच म्हटलं, अजूनही म्हणतात. पण आबांनी स्वतः नगरपालिकेत जाऊन चैताली अशी नोंद करून आणली. हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आबांचा फार राग आला की तेच आठवायचं आणि राग गिळायचा, अशी मला सवयच लागली होती.

दोन वर्षांपूर्वी बंगल्याला रंग काढला, तेव्हा बाईंनी मुलाची खोली रिकामी केली आणि एक खोका आबांच्या हातात दिला. "घेऊन जा, नाहीतर कचऱ्यात टाक." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत, म्हणून पुन्हा सांगते. कचऱ्यात टाक. खोक्याच्या तळाशी एक व्हिडिओ गेम होता. दोन्ही हातांत धरून खेळायचा, मध्ये पडदा आणि दोन बाजूंना बटणं असलेला. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं, पडद्याला चीर गेली होती, बटणांखालचं रबर मेलं होतं.

मी लोणावळ्यात प्रदीपभाऊंच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. मागच्या टेबलावर, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असं. बाईमाणसाच्या हातात मोबाइल द्यायला लोक कचरतात, असं भाऊंचं म्हणणं. तो दुरुस्त बाईमाणसानेच केलेला असतो, ते गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून चालतं. तो गेम बघून मी भाऊंना म्हटलं, "असल्या जुन्या गेमच्या दुरुस्तीचं वेगळं काउंटर टाकू. पुण्या-मुंबईचे लोक इथे चिक्की घेतात तशी लहानपणाचीही काहीतरी आठवण शोधत असतात." भाऊ हसले. मग म्हणाले, "आधी एक पीस नीट चालवून दाखव. तू म्हणतेस तसा निघाला, तर पुढचं अर्धं काउंटर तुझं. तुझ्या नावाच्या पाटीसकट."

पाटी म्हटल्यावर मी कसली थांबते.

बॅटरी मागवली, ती भलतीच आली, परत मागवली. पडदा पुण्याच्या जुन्या बाजारात, तसल्याच एका मेलेल्या गेममध्ये सापडला. बटणांचं रबर बदललं. एवढं करून तो नुसता चालू झाला असता, पण मला त्याच्याकडून जास्त हवं होतं. मूळ सॉफ्टवेअरवर फक्त त्याच्यासाठी बनवलेलेच खेळ चालतात. ते बदलून दुसरं घातलं, तर टीव्हीला जोडून खेळायचे, माझ्या जन्माआधीचे खेळसुद्धा त्याच्यावर चालतात. मात्र ते घालताना मध्येच वीज गेली किंवा काही अडलं, तर गेम कायमचा गेला. आमच्या धंद्यात म्हणतात, वीट झाली. ते काम मी दुकानात केलं आणि पडद्यावरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत नजर न हटवता बसले. आमच्या घरात देव नाहीत, नाहीतर एखाद्याला नवस बोलले असते.

त्यात जुन्या मेमरी कार्डाऐवजी मोबाइलचं छोटं मेमरी कार्ड बसवलं, माझ्या पगारातलं. त्यावर एकेक जुना खेळ घालून जुळवत बसले. एक खेळ धावायचाच नाही, नुसता रांगायचा. एकाचा आवाज सर्दी झाल्यासारखा यायचा. माझे कितीतरी रविवार त्यात गेले, आणि खरं सांगायचं तर तेवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

जुन्या कार्डावर शर्यतीचा एक खेळ होता. त्यात खेळणाऱ्यांच्या नावांसाठी तीन जागा होत्या. दोन्ही वरच्या जागांवर प्रितमचं नाव होतं. प्रितम म्हणजे बाईंचा मुलगा. शाळेत असताना त्याने बरीच मजल मारलेली दिसत होती. ते मी पुसलं नाही, नव्या कार्डावर जसंच्या तसं उतरवलं. कुणाची का असेना, मेहनत असते. तिसऱ्या जागेवर मी माझं नाव घातलं. इंग्रजीत आठच अक्षरं बसतात आणि चैताली त्यात बरोबर बसतं.

सोमवारी भाऊंना दाखवायचं ठरलं, आणि शनिवारी प्रितम मित्रांना घेऊन बंगल्यावर आला. धुकं एवढं होतं की दरी बघायला जाऊन काही उपयोग नव्हता. मंडळी कंटाळली होती. आबांना बर्फ आणायला सांगायला म्हणून तो मागे आला. मी उंबऱ्यात बसून गेमची बटणं शेवटची तपासत होते.

"अरे! हा माझा ना?" म्हणत त्याने तो माझ्या हातातून घेतला. मागितला नाही, घेतला. हा आबांपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, पण त्यांना सखाराम म्हणतो आणि आबा त्याला दादा म्हणतात.

"सखाराम, इतकी वर्षं सांभाळून ठेवलास तू?"

"व्हय दादा," आबा म्हणाले. "तुमची वस्तू."

"मी दुरुस्त केलाय तो," मी म्हटलं. "बंद होता. बॅटरी, पडदा, सगळं बदललंय. सोमवारी मला दुकानात दाखवायचाय, त्याच्यावर माझं काउंटर ठरणार आहे."

"क्या बात है, पिंकी! यात तर सगळे जुने गेम आहेत!" खेळांच्या यादीवरून नजर न काढता तो बोलत होता. काउंटरचं त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही. मग यंत्र माझ्या मांडीवर ठेवून आबांना म्हणाला, "उद्या निघताना नेतो. फुल चार्ज करून ठेव हं."

मी आबांकडे बघितलं. एकच वाक्य हवं होतं मला. पोरीनं केलंय दादा, तिचं हाय. माझ्या नावाच्या वेळी हात जोडून का होईना, बोलले होते तसं.

"न्या की," आबा म्हणाले. "त्यात इचारायचं काय?"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. पण नागोबाचा मला तेवढा राग आला नाही. बिळाचं दार उघडून धरणाऱ्याचा आला.

संध्याकाळी मी विषय काढला. "आबा, बाई कचऱ्यात टाक म्हणाल्या होत्या."

"पर आपन टाकलं न्हाई ना? टाकलं असतं तर गोष्ट येगळी. ठिवलं, म्हंजी त्यांचंच."

"आणि मी त्यात घातलं ते?"

"तुला कुनी सांगितलं हुतं घालाया?"

आमचं मूळ गाव वडिवळे. माझे आजोबा महिपती. धर्म बदलला तेव्हा त्यांनी गावकीची कामं सोडली आणि त्या कामांपायी दारोदार मिळणारी शिळी भाकरही सोडली. पोटाला चिमटे काढले, पण हात पसरला नाही. त्यांचा फोटो आमच्या खोलीत बाबासाहेबांच्या शेजारी आहे. मी त्या फोटोकडे बोट केलं आणि म्हटलं, "त्यांनी गावाची भाकर नाकारली. तुम्ही बंगल्याची इस्त्री सांभाळत बसलाय."

आबांचा चेहरा उतरला. आई म्हणाली, "चैते, आता पुरे." मी पुरे केलं, पण मला जराही वाईट वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी गेममधलं कार्ड काढलं आणि आईच्या सुईदोऱ्याच्या डबीत टाकलं. कार्ड माझं होतं. ते ना खोक्यात होतं, ना बंगल्यात. मग गेम, चार्जर, सगळं पुसूनपासून आबांच्या हातात दिलं. आबांना बरं वाटलं. पोरीला अक्कल आली असं त्यांना वाटलं असणार. प्रितमने गाडीत बसता बसता तो मागच्या सीटवर टाकला. फाटक लावून आबा आत आले आणि मी मनातल्या मनात म्हटलं, घे आता, खेळ रिकाम्या डब्याशी.

माझा आनंद फार टिकला नाही. थोड्याच वेळात आबांचा फोन वाजला. मंडळी चिक्की घ्यायला लोणावळ्यात गेली होती आणि तिथेच नाश्त्याला थांबली होती. आबा नुसते "व्हय दादा, बघतो दादा" करत होते. फोन ठेवून ते माझ्यासमोर बसले.

"त्यात गेमच न्हाईत म्हनत्यात. काय काढलंस?"

"माझं होतं ते काढलं."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मी दिलं नसतं. पण ते खोलीभर बघत राहिले. चुलीची जागा, आईचं कपाट, भिंतीवरचे फोटो, माझी दुकानातली हत्यारं ठेवायची फळी. मग हळूच म्हणाले, "पोरी, ही खोली बी दिलेलीच हाय."

वडिवळ्याला आमच्या वाटणीला काय आहे ते मला ठाऊक आहे. चुलत्यांच्या घरातला एक कोपरा, तोही पावसाळ्यात गळणारा. आबा साठीला आलेत. आईचे गुडघे गेलेत. माझ्या पगारात लोणावळ्यात खोली मिळत नाही, हे मी दोनदा चौकशी करून बघितलं होतं. आजोबांनी भाकर नाकारली तेव्हा डोक्यावरचं छप्पर तरी त्यांचं होतं. हे मला काल फोटोकडे बोट करताना सुचलं नव्हतं.

मी उठले, डबी उघडली आणि कार्ड आबांच्या तळहातावर ठेवलं. नखाएवढं ते. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं, रुमाल खिशात घातला, वरून हात दाबून धरला आणि पावसात बाहेर पडले. छत्रीसुद्धा घेतली नाही.

ते गेल्यावर आई म्हणाली, "भाऊंना उद्या काय सांगशील?" मी म्हटलं, "काय सांगायचं? मागच्या टेबलावर बसेन." आईलाही ती पाटी बघायची होती.

आबा परतले ते भिजून, पण चेहरा उजळलेला. हातात चिक्कीचा पुडा होता. प्रितमने दिलेला. लोणावळ्याच्या माणसाला लोणावळ्याची चिक्की. तो पुडा त्यांनी आईकडे दिला, डोकं पुसत कॉटवर बसले आणि सांगू लागले.

"आपल्या हातानं घातलं त्यांनी त्यात. लगेच चालू झालं. सगळी पोरं टेबलावर वाकून बघत हुती. लय खूश झाले दादा. ती मोटारीची शर्यत लावली, त्यात त्यांचं ल्हानपनचं नाव निघालं. डोळ्यांत पानी आलं बघ त्यांच्या."

ते नाव मीच जपून ठेवलं होतं.

"खाली आनिक एक नाव हुतं म्हने. मला इचारलं, सखाराम, ही चैताली कोण?"

मी आबांकडे बघितलं. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

आबा माझ्याकडे बघत नव्हते. पायांना लागलेला चिखल ओल्या रुमालाने पुसत होते.

"काय सांगनार? वाटलं, त्यांच्या वस्तूत आपलं नाव घातलं म्हनून रागावतील. म्हनलं, असंल कुनीतरी. पुसून टाका."

"मग?"

"पुसलं की त्यांनी," आबा म्हणाले. "माझ्यासमोरच पुसलं."