मोहाखालचा चढ

नंदलाल बिसेन एकतीस वर्षं रेल्वेत चाबीवाला होता. रोज हातोडा खांद्यावर टाकून सहा किलोमीटर रूळ चालायचा, रूळ जागेवर धरून ठेवणारी चाबी सैल दिसली की ठोकायची आणि परत यायचं. तो निवृत्त झाला त्याच साली रेल्वेनं टेकडीच्या पलीकडून सरळ नवी लाइन टाकली. एक्सप्रेस गाड्या तिकडून धावू लागल्या आणि त्याच्या गावाची, कोसमटोल्याची, अकरा किलोमीटरची जुनी मेन लाइन तशीच पडून राहिली. तिच्यावर झुडपं वाढली. गाव तिच्यावरून शेतात जाऊ लागलं.

तीन वर्षांनी गोंदिया भागातल्या नऊ राइस मिलवाल्यांनी मिळून ती लाइन भाड्यानं मागितली. ट्रक परवडत नव्हते, तेव्हा तांदळाचे डबे आपणच जंक्शनपर्यंत ओढत न्यावेत, असा विचार. कागद आणखी दोन वर्षं फिरले. मंजुरी आली ती अशी, की रूळ रेल्वेचे, दुरुस्ती मिलवाल्यांची आणि वेग ताशी पंधरा किलोमीटर. त्यांचे सेक्रेटरी दुर्गाप्रसादशेठ नंदलालच्या अंगणात येऊन बसले आणि म्हणाले, "काकाजी, लाइन तो मिल गई. अब इसका करें क्या?"

नंदलाल दोन दिवस लाइन चालला. रुळांखालचे किती स्लीपर फुटलेत ते मोजून आला. सगळे बदलणं शेठ लोकांच्या आवाक्यात नव्हतं. त्यानं सांगितलं, सगळे बदलूच नका, दोन फुटके शेजारी-शेजारी राहणार नाहीत एवढं पाहा. वळणावरचे झिजलेले रूळ काढले आणि स्टेशनमागच्या बंद फाट्यावरचे चांगले रूळ तिथं बसवले. पाहणीला आलेल्या इंजिनिअरनं ही अक्कल कुणाची म्हणून तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा न विचारता सही केली.

एप्रिलच्या दोन तारखेला सकाळी सात वाजता पहिली गाडी निघाली. आठ डबे, एक जुनं इंजिन आणि इंजिनात नारळ घेऊन उभे दुर्गाप्रसादशेठ. नंदलाल पुढं चालत होता. गाडी गावाबाहेरच्या चढावर आली आणि इंजिनाची चाकं जागच्या जागी गरागरा फिरू लागली. चाकांना पकड मिळावी म्हणून ड्रायव्हर कैलाशनं रुळावर वाळू सोडली. वाळूवर आणखी फुलं पडली.

नंदलालनं वाकून बघितलं. पाच वर्षांत मोहाच्या फांद्या लाइनीवर आल्या होत्या आणि रूळ चेंगरलेल्या फुलांनी बुळबुळीत झाले होते. इंजिनाला दारूचा वास येत होता.

शेठ म्हणाले, झाडं तोडा.

झाडाखाली निर्मलाबाई उईके टोपली घेऊन फुलं वेचत होती. झाडं तिच्या सासऱ्यानं राखलेली. ती उठली नाही.

"नंदलालभाऊ, झाडं कायले तोडता? पाच वर्स गाडी आली नाही. आता दोन घंटे थांबली तं काय होते?"

नंदलाल तिच्याजवळ गेला. त्यानं विचारलं, वेचणं किती वाजता संपतं. ती म्हणाली, नऊला. गाडी त्यानंतर येणार असेल तर ती रुळावरचीही फुलं उचलेल, मग झाडूनही देईल.

दुर्गाप्रसादशेठ खाली उतरले. मोहाच्या हिशेबानं कुठं रेल्वे चालते का, असं त्यांनी विचारलं.

"मेन लाइन नाही चालत, शेठ," नंदलाल म्हणाला. "हे आपली हाये."

एकतीस वर्षांत या लाइनीला तो कधी आपली म्हणाला नव्हता. म्हणून झाल्यावर त्याला जरा अवघडल्यासारखं झालं, म्हणून तो उगाच एक चाबी ठोकू लागला.

शेठनी नारळ तिथंच फोडला. गाडी साडेनऊला चढ चढली.

तेव्हापासून मार्च-एप्रिलमध्ये गाडी साडेनऊला सुटते. नव्या वेळापत्रकावर रेल्वेनं कारण विचारलं होतं. शेठनी 'मोह' असं एका शब्दात लिहून पाठवलं. त्याला अजून उत्तर आलेलं नाही. मंजूर आहे असं धरून गाडी चालते.