थरथरीचं मोजमाप

तनुजाने डब्याचे चारही स्क्रू काढून वाटीत ठेवले आणि आतल्या हिरव्या पट्टीवरच्या एका पिनेला ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, चिमटा लावला. डायनिंग टेबलाच्या पलीकडे अनंतराव हाताची घडी घालून उभे होते. आपल्या घरात कुणी काही उघडून बसलेलं त्यांना मुळातच रुचत नसे, मग ती वस्तू तनुजाच्या कंपनीने महिन्यापूर्वी वापरून बघायला दिलेली का असेना.

“उघडलात तसा बंद करा,” ते म्हणाले, “आणि घेऊन जा. सकाळी फोनवर मी तेवढंच सांगितलं होतं.”

“काका, एकदा मोजून बघते. मग नेते.”

“काय मोजणार?”

“बटण दाबल्यावर आत काय होतं, आणि त्याला किती वेळ लागतो ते.”

“बंद पडायला अजिबात वेळ लागत नाही. हे मी न मोजता सांगतो.”

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत पद्मजाबाई बसल्या होत्या. बँकेच्या काउंटरवर त्या असल्या की लोक आपोआप रांगेत उभे राहत, आणि पेन मागणाऱ्याला पेनाबरोबर चार शब्दही ऐकायला मिळत. निवृत्तीनंतर तो सगळा खुराक एकट्या अनंतरावांच्या वाट्याला आला, आणि शनिवार पेठेतल्या या फ्लॅटमध्ये तो त्यांना चांगला मानवला होता. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. पद्मजाबाईंची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात तेवढा राहिला, तोही मधूनच थरथरणारा. समज शाबूत असावी, माणसं ओळखतील की नाही ते हळूहळू कळेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून अनंतराव ते कळण्याची वाट बघत होते.

डबा अशा माणसांसाठीच केलेला होता. पडद्यावर एकेका चौकोनावरून उजेड सरकत जायचा. हवा तो चौकोन उजळला की मोठं लाल बटण दाबायचं, आणि डबा ते बोलून दाखवायचा. वरच्या ओळीत तयार शब्द होते, पाणी, औषध, दुखतंय, आणि घरातल्या माणसांची नावं. खाली सगळी अक्षरं, जुळवून काहीही म्हणता यावं म्हणून. प्रोग्रॅम तनुजाने लिहिला होता. हिंजवडीच्या ऑफिसात सगळ्यांनी बटण दाबून दाबून पाहिलं, डबा एकदाही अडखळला नाही. या घरात मात्र त्याचा पडदा मध्येच काळा व्हायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत डबा आनंदाने म्हणायचा, ‘नमस्कार! मी तयार आहे.’ अनंतरावांना त्या नमस्काराचा इतका संताप येई, की एकदा ते त्याला ‘या, बसा’ असंही म्हणाले होते.

डबा बदलून झाला. दुसऱ्यानेही तसाच नमस्कार केला. तेव्हा तनुजाचा वरिष्ठ सलिल म्हणाला होता, “युजरचा प्रॉब्लेम आहे गं. नाही जमत काही लोकांना. काढून आण तो.” ते ऐकून तनुजाचं डोकं फिरलं, आणि आज ती अख्खा ऑसिलोस्कोप पाठीवर मारून इथवर आली होती. डबा काढून न्यायचा की ठेवायचा, ते आज ठरणार होतं.

अनंतराव खुर्ची ओढून तिच्या जवळ बसले आणि आवाज खाली आणून बोलायला लागले.

“डबा चालत नाही असं नाही. दिवसा सरुबाई येतात मदतीला, त्यांच्याकडे ती पाणी मागते. औषध मागते. मी समोर बसलो की बंद पडतो.”

“तुम्हीच समोर असलात की?”

“हो. आणि दुसरं सांगतो. वरच्या ओळीत माझं नाव आहे, ‘अनंत’. तुम्हीच घातलंत. महिनाभर मी रोज समोर बसून बघतोय. उजेड माझ्या नावावर येतो, ती बघते, आणि पुढे जाऊ देते. एकदासुद्धा दाबलं नाही तिने.” त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. “गंधार म्हणाला फोनवर, बाबा, आई तुम्हाला ओळखत नसेल. मुलगा आहे, त्याला बोलायला काय जातंय. पण डबा घरात आहे तोवर मला हे रोज बघावं लागतं. म्हणून न्या म्हणतोय.”

तनुजाने चिमटा उगाचच पुन्हा चाचपून पाहिला आणि बटण पद्मजाबाईंच्या डाव्या हाताखाली सरकवलं.

“काकू, पाणी म्हणता?”

उजेड ‘पाणी’वर आला. हात दबला. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एकच सुळका उठला आणि खाली आला. बटणाचं काम सुरू झालं की पिनेवर वीज चढायची, संपलं की उतरायची, एवढीच सोय तनुजाने करून आणली होती. सुळक्याची रुंदी म्हणजे कामाचा वेळ. पापणी लवायच्या आत सगळं आटोपलं होतं. डबा स्वच्छ आवाजात ‘पाणी’ म्हणाला.

“आता काका, तुम्ही समोर बसा.”

अनंतराव नाइलाजाने उठले आणि बायकोसमोर जाऊन बसले. पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वरची ओळ त्यांनी तशीच जाऊ दिली. उजेड खाली अक्षरांवर आला, आणि त्यांचा हात थरथरायला लागला. बटण दबलं तेव्हा पडद्यावर एक सुळका नाही, सुळक्यांचं रान उठलं, एकाला एक लागून, मध्ये जराही जागा न ठेवता. पडदा काळा झाला.

‘नमस्कार! मी तयार आहे.’

“बघितलंत?” अनंतराव उठले. “त्रास होतो तिला माझा.”

तनुजा मात्र त्या रानाकडेच बघत राहिली होती. अशा चिपमध्ये एक राखणदार असतो, त्याला वॉचडॉगच म्हणतात. प्रोग्रॅमने त्याच्याकडे ठरावीक वेळाने हजेरी लावायची. हजेरी चुकली की प्रोग्रॅम मेला असं समजून तो सगळं पहिल्यापासून सुरू करतो. पद्मजाबाईंचा थरथरता हात एका दाबात बटणाला कितीतरी वेळा शिवत होता. डबा प्रत्येक शिवण्याला नवा हुकूम समजून धावत होता, आणि त्या धावपळीत हजेरी राहून जात होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगणच वाकडं होतं आणि बोल नाचणारीला लागत होता.

“काका, चूक काकूंची नाही,” ती म्हणाली. “तुमचीही नाही. मी लिहिलंय ते चुकलंय. आम्ही सगळ्यांनी आपापल्या धडधाकट बोटांनी तपासलं. थरथरणारा हात कुणी लावलाच नाही.”

“बरं. पण मग मी बसल्यावरच तो का थरथरतो?”

“ते यात दिसत नाही, काका.”

“वाटलंच,” अनंतराव म्हणाले आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून गेले.

तनुजाने लॅपटॉप उघडला. बदल फार मोठा नव्हता. पहिला स्पर्श नोंदवायचा आणि लगेच मोकळं व्हायचं. लिहिणं, बोलणं, आवाज काढणं हे सगळं नंतर सवडीने. आणि हात पुरता उचलला जाईपर्यंत पुढच्या स्पर्शांकडे लक्ष द्यायचं नाही. बसमध्ये येताना सुचलं असतं तरी चाललं असतं, असं तिला वाटलं आणि स्वतःचा राग आला. नवा प्रोग्रॅम डब्यात चढवून तिने बटण पुन्हा पद्मजाबाईंच्या हाताखाली दिलं.

“काकू, आता हवं ते म्हणा. थरथरू दे हात. तो नाही घाबरणार आता.”

पद्मजाबाई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या. आत भांडं वाजलं, तसा त्यांचा हात जोरात थरथरायला लागला. ‘पाणी’ गेलं, ‘औषध’ गेलं. उजेड ‘अनंत’वर आला. पद्मजाबाईंनी तिकडे पाहिलं आणि त्याला जाऊ दिलं.

डबा दुरुस्त झाला होता, आणि तरीही म्हातारा म्हणत होता तेच खरं निघत होतं.

खाली अक्षरांवर हात दबला. ‘अ’. सुळके उठले, पण आता बारीक आणि सुटे सुटे, आणि पडदा काळा झाला नाही. पद्मजाबाई क्षणभर थांबल्या, नमस्कार येतोय का ते ऐकायला थांबल्यासारख्या. तो आला नाही. त्यांनी हात नीट उचलला. उजेड सरकत, सरकत बराच खाली गेला. ‘ह’. मग काना आणि मात्रा. कपाळावर घाम आला होता, तोंड एका बाजूने घट्ट मिटलं होतं. शेवटी त्यांनी बोलण्याचा चौकोन उजळेपर्यंत वाट पाहिली आणि बटण दाबलं.

“अहो,” डबा म्हणाला.

“काय गं?” स्वयंपाकघरातून अनंतराव सहज म्हणाले. “टाकतोय साखर, कमीच टाकतोय.”

मग आतला चमच्याचा आवाज थांबला.

तनुजाने डोळे पुसले आणि पुसताना कुणी बघितलं नाही याची खात्री करून घेतली. अनंतराव दारात आले तेव्हा त्यांच्या हातातल्या गाळण्यातून चहा फरशीवर ठिबकत होता, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. पद्मजाबाईंनी फरशीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या पुढचा शब्द जुळवायला लागल्या.