पारापुढचं पिंप

१९९१ च्या जानेवारीत धुळ्याच्या एका क्रीडा मंडळाने रस्त्यावर धावण्याची स्पर्धा ठेवली. जकात नाक्यापासून पारोळा रस्त्याने नांदखेडे फाट्यापर्यंत जायचं, तिथे ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं, असं दहा किलोमीटरचं अंतर होतं. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी मंडळाने वेगळी अट घातली होती. रस्त्यावर सुरतेपासून नागपूरपर्यंतचे ट्रक धावतात, तेव्हा मुलीबरोबर आईने किंवा वडिलांनी धावलं पाहिजे, आणि शेवटची रेषा दोघांनी एकत्र ओलांडली पाहिजे. पहिल्या तीन जोड्यांतल्या मुलींना मे महिन्यात पुण्याच्या शिबिराला पाठवण्यात येणार होतं.

देवपुरातल्या छाया पाटीलला त्या शिबिराला जायचं होतं. ती अकरावीत होती. कॉलेजच्या मैदानावर तिला हरवेल अशी मुलगी उरली नव्हती, आणि त्या मैदानाबाहेर ती कधी धावली नव्हती.

तिचे वडील अभिमन पाटील गिरणीत सकाळपाळीला होते. "पाळी सोडून मी पळत बसू का?" ते म्हणाले. "आणि एकटी तर तुला त्या रस्त्यावर सोडणार नाही."

"मग आई येईल."

अभिमन हसले. "तुझी आई? ती भाजी आणायला गेली तर वाटेत दोनदा बसते."

प्रमिलाबाई चुलीपाशी कळण्याची भाकरी थापत होत्या. "तीनदा बसते," त्या म्हणाल्या. "उद्या किती वाजता उठायचं, छाये?"

दसऱ्याच्या सुमारास दोघींनी साक्री रस्त्यावर सराव सुरू केला. छायाने आपला पंजाबी ड्रेस आईला देऊ केला होता. तो घालून प्रमिलाबाई आरशासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो घडी करून परत दिला. शेजारच्या वच्छलाबाई अजून नऊवारी नेसत. त्यांचं एक जुनं लुगडं मागून आणलं. काष्टा घातला की पाय मोकळे राहत होते. बूट मात्र नवे घ्यावे लागले, पांढरे, कॅनव्हासचे, नाडीचे. चाळिशीला आलेल्या प्रमिलाबाईंनी तोवर चपलेशिवाय पायात काही घातलं नव्हतं. त्यांनी बांधलेली नाडी धावताना हमखास सुटायची, म्हणून छायाच रोज खाली बसून ती बांधायची.

पहिल्या दिवशी त्या पहिल्या वळणापर्यंत धावल्या आणि मैलाच्या दगडावर बसल्या. सायकलला कॅन लटकवून शहरात येणारा दूधवाला पुना तिथून चालला होता.

"एस्टी चुकनी का व अक्का?" त्याने विचारलं.

उत्तर द्यायला प्रमिलाबाईंपाशी श्वास नव्हता. पुनाने दुसऱ्या दिवशी तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. दिवाळीनंतर एका सकाळी त्या न थांबता म्हणाल्या, "चुकनी नई भाऊ. तिना पहिले जाई ऱ्हायनू."

त्यांचा वेग फार नव्हता, पण तो कमीही होत नसे. चढ आला, समोरून वारा आला, तरी त्या त्याच चालीने जात. छाया पुढे धावत जाई, थांबे, मागे वळून पाही आणि चिडे. "आई, जरा ओढ ना!"

"मी काय बैल आहे का ओढायला?"

पुढे छायाच्या लक्षात आलं की सुरुवातीला सुसाट गेलं की आपण अर्ध्या वाटेत मोडतो आणि आई मागून येऊन गाठते. डिसेंबरात दोघी बरोबरीने धावू लागल्या. एका रविवारी अभिमन सायकलवरून त्यांच्याबरोबर गेले. परत आल्यावर त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि सांगितलं, "मला दम लागला."

सराव साक्री रस्त्यावरच होत राहिला. पारोळा रस्त्यावर एकदा तरी धावून पाहू, असं छाया म्हणायची. प्रमिलाबाई म्हणायच्या, "तिकडे नको."

कारण नांदखेडे त्यांचं सासर होतं. फाट्यापासून गाव अगदी जवळ. वेशीतून आत गेलं की मारुतीचा पार, आणि पारावर गावातली वडीलधारी माणसं बसलेली असत. गावच्या सुनेने पारापुढून जायचं तर वेशीपाशी पायातलं काढून हातात घ्यायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, आणि पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत अनवाणी चालायचं. प्रमिलाबाई लग्न झाल्यापासून धुळ्यात राहत होत्या. पण सणावाराला, लग्नकार्याला गावी गेल्यावर त्यांनी यात कधी चूक केली नव्हती. त्यांचे सासरे झुलाल आबा त्याच पारावर बसत. सासऱ्यांशी त्या समोरासमोर बोलतही नसत. काही सांगायचं असलं तर मुलीच्या तोंडून सांगत.

फाटा मात्र गावाबाहेर होता, त्यामुळे एका दिवसाच्या स्पर्धेला प्रमिलाबाईंची हरकत नव्हती. फाट्यावर पार नव्हता.

स्पर्धेच्या सकाळी जकात नाक्यावर गर्दी होती. दोंडाईचा, शिरपूर, पारोळ्याहून जोड्या आल्या होत्या. जळगावच्या पिंप्राळ्याहून तोताराम चौधरी आणि त्यांची मुलगी आली होती. चौधरी शाळेत कवायत शिकवत. पायात मोजे, गळ्यात शिट्टी. प्रमिलाबाईंचा काष्टा बघून ते अदबीने म्हणाले, "वहिनी, तुम्ही चालत आलात तरी चालेल. नऊ वाजेपर्यंत रस्ता आपलाच आहे."

"बरं झालं सांगितलं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मग मंडळाच्या चिटणिसांनी कर्ण्यावरून सूचना दिली. फाट्यावर मोरीचं काम निघालं आहे, खडी पडली आहे, तेव्हा वळसा घालायचं पिंप नांदखेडे गावात मारुतीच्या पारापुढे ठेवलं आहे. सरपंचांनी पाण्याची सोय केली आहे, त्यांचे आभार.

छायाने आईकडे पाहिलं. "आई?"

"पळू ना," प्रमिलाबाई म्हणाल्या. "नाडी बांध."

छायाने दोन्ही नाड्यांना दुहेरी गाठ मारली आणि घट्ट ओढली. आज ती सुटून चालणार नव्हतं.

सुरुवातीला त्या बऱ्याच मागे होत्या. मग पुढच्या जोड्या एकेक करून गळू लागल्या. दोंडाईच्याचे एक वडील कडेच्या निंबाला टेकून उभे होते आणि त्यांची मुलगी कमरेवर हात ठेवून त्यांना बोलत होती. गावाकडचं वळण आलं तेव्हा पुढे फक्त दोन जोड्या उरल्या होत्या. चौधरी आणि त्यांची मुलगी मागे होते. त्यांची शिट्टी ऐकू येत होती, मुलीला ताल द्यायला ते ती वाजवत होते.

"तिसऱ्या आहोत," छाया म्हणाली. "एवढंच टिकवायचं."

वेशीतून आत शिरताना प्रमिलाबाईंनी पार पाहिला. झुलाल आबा बसले होते. शेजारी पंडित आबा, मगन नाना, आणखी चार-पाच जण. सगळ्यांच्या पाठी रस्त्याकडे होत्या. तोंडं मारुतीच्या भिंतीकडे. पुढच्या दोन जोड्या आल्या, गेल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या, तरी पारावरचं एकही डोकं वळलं नाही.

पारावरच्या माणसांनी अशी पाठ फिरवलेली प्रमिलाबाईंनी त्याआधी एकदाच पाहिली होती. त्या नव्या नवरी असताना गावात बांधावरून भांडण झालं आणि याच मगन नानांच्या घराला भावकीने वाळीत टाकलं. वर्षभर नाना पारापुढून गेले की सगळा पार भिंतीकडे तोंड करायचा.

त्या थांबल्या. पदर डोक्यावर घेतला. खाली बसून बुटाची नाडी सोडू लागल्या. दुहेरी गाठ सुटेना.

छाया पिंपाला वळसा घालून परत आली होती. मुलगी गावची लेक, तिला कुठलाच नियम नव्हता. "आई, काय करतेस?"

"थांब."

"आई, ते येताहेत!"

शिट्टी वेशीत आली. चौधरी आणि त्यांची मुलगी त्यांच्या शेजारून गेले, पिंपाला वळले, पुन्हा शेजारून बाहेर पडले. प्रमिलाबाईंनी दातांनी एक गाठ सोडवली, दुसरा बूट तसाच ओढून काढला. दोन्ही बूट हातात घेऊन, मान खाली घालून त्या पारापुढून चालत गेल्या, पिंपाला वळसा घातला आणि चालतच वेशीबाहेर आल्या. मग धावू लागल्या. बूट पुन्हा घालण्यात वेळ गेला असता म्हणून हातातच ठेवले. वाटेत मोरीच्या खडीचे ढीग होते.

चौधरींना त्यांनी जवळजवळ गाठलं होतं. शेवटच्या रेषेवर दोन जोड्यांत हातभर अंतर राहिलं. छाया आणि प्रमिलाबाई चौथ्या आल्या.

घरी परत येताना छाया एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी तिने गरम पाण्याचं घमेलं आईच्या पायांपुढे आणून ठेवलं, आणि आपण का थांबलो ते प्रमिलाबाई सांगत होत्या ते मान वर न करता ऐकलं. अभिमननी दोघींकडे आलटून पालटून पाहिलं आणि ते बाहेर निघून गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी झुलाल आबा धुळ्यात आले. हरभऱ्याच्या भाजीची पिशवी त्यांनी छायाच्या हातात दिली आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसले. प्रमिलाबाई आतल्या दाराआड उभ्या होत्या.

"छाये," आबा म्हणाले, "तुन्ही मायले ईचार, ती थांबनी काबं?"

छायाने विचारलं नाही. तिने सरळ सांगितलं, "तुम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली होती म्हणून. तिला वाटलं, ती पळते म्हणून तुम्ही आमच्या घराशी संबंध तोडला."

आबा खुर्चीत पुढे सरकले. "अरे! पाठ तिन्हासाठेच फिरायी ना! आम्ही देखाऊत नई, म्हंजे तिन्ही पायमा बूट ठेईसन बेधडक जावं. बठ्ठास्ले मीच सांगं. पंडितनी मान दुखी गई, तरी वळू दिधा नई त्याले."

"आणि हे आम्हाला कोणी सांगायचं?"

"सांगानं काय शे त्यामा?"

"शिबिर गेलं माझं, आबा."

आबांना शिबिराचं ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं होतं, स्पर्धा म्हणजे जत्रेतल्या कुस्तीसारखी, नारळ मिळतो आणि माणूस घरी जातो. छायाने त्यांना पहिल्या तिघींचं सांगितलं. हातातली काठी त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"मन्ही चूक," ते शेवटी म्हणाले. "छाये, तुन्ही मायले सांग."

दाराआडून प्रमिलाबाई बाहेर आल्या. डोक्यावर पदर होता. तळपायाच्या जखमांमुळे त्या टाचांवर चालत होत्या. छायाकडे न पाहता त्या आबांना म्हणाल्या, "पुढला सालले आम्हनाकडे तोंड करीसन बसा."

आबांनी आधी छायाकडे पाहिलं, हे कोण बोललं अशा नजरेने. मग तिच्याकडेच बघत म्हणाले, "बसू."

त्या संध्याकाळी छायाने पांढरे बूट धुऊन ओट्यावर वाळत घातले. स्पर्धेनंतर पहिल्यांदाच ती आईशी बोलली. "खडीतून अनवाणी पळून तू त्या शिट्टीवाल्याला गाठत आणलं होतंस," ती म्हणाली. "बूट पायात असते तर?"

"मग पुढल्या खेपेला तिहेरी गाठ मार, म्हणजे निघायचेच नाहीत," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि दोघींनाही हसू आलं.

पुढच्या जानेवारीत स्पर्धा पुन्हा झाली. छायाला अठरा वर्षं पूर्ण व्हायची होती, त्यामुळे आई बरोबर लागणारच होती. या खेपेला त्या दोघी दुसऱ्या आल्या आणि छाया मे महिन्यात पुण्याला गेली.

मोरीचं काम स्पर्धेच्या आधीच संपलं होतं. पिंप गावात न ठेवता पुन्हा फाट्यावर ठेवलं होतं. तिथे पार नव्हता, म्हणून झुलाल आबांनी बैलगाडी आणवली होती. बैल सोडून गाडी रस्त्याच्या कडेला उभी केलेली, आणि तिच्यावर सगळी म्हातारी माणसं ओळीने बसलेली. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे होती. पंडित आबांनी नवी टोपी घातली होती.

मागून जळगावच्या चौधरींची शिट्टी ऐकू येत होती. गाडी दिसताच प्रमिलाबाईंचा हात सवयीने खांद्यावर गेला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. पाय थांबले नाहीत.

आबा गाडीत काठीचा आधार घेऊन उभे राहिले. सुनेला उद्देशून ते आजवर थेट कधी काही बोलले नव्हते, आणि आता फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडले, "पय व, पय! मांगे जयगाववाला ई ऱ्हायनात!"