जावईबापू, टाइमआउट घ्या!

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि मी चिडलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की भोंग्याने आवाज चढवला. आवाज चढवणं हाच माझा धंदा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरं प्लॅस्टिकचं तोंड, लाल मूठ, मुठीवर एक बटण आणि पोटात बॅटऱ्या. तिथून मी आलो तो थेट पोहण्याच्या तलावावर, पोहायला शिकवणाऱ्या बाईंच्या हातात. "कडेला धर! घाबरू नकोस, पाय मार!" एवढंच मी वर्षानुवर्षं ओरडलो. पाण्याचे शिंतोडे खाऊन माझा आवाज घोगरा झाला. बाई निवृत्त झाल्या तेव्हा तलावाने नवा भोंगा घेतला आणि मी बाईंबरोबर घरी आलो. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर लटकलो. भोंग्याला असं मुकं बसवणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

मग बाईंचे जावई आमच्या शहराच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. बाई त्या संघाच्या चाहत्या, अगदी लेकीच्या लग्नाच्याही आधीपासूनच्या. पहिल्याच सामन्याला त्यांनी मला बगलेत मारलं आणि माझे दिवस पालटले.

आता त्या प्रशिक्षकाबद्दल. झोडपायचं म्हणून उगाच झोडपणार नाही. हा माणूस आला तेव्हा आमचा संघ तळाला होता. समोरच्या संघाचा कोणी चेंडू घेऊन धावत आला की आमचे खेळाडू पाहुण्याला वाट द्यावी तसे बाजूला व्हायचे. याने त्यांना पाय रोवून उभं राहायला शिकवलं. राखीव बाकावर धूळ खात पडलेल्या एका बुटक्या खेळाडूला मैदानात उतरवलं, आणि तोच 'पिटुकला' पुढे सगळ्यांचा लाडका झाला. हरल्यावर याने खेळाडूंच्या नावाने कधी बोटं मोडली नाहीत. हे सगळं मला मान्य आहे. याचा जयजयकारही माझ्याच तोंडून झाला आहे.

पण टाइमआउट! बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षकाला खेळ थोडा वेळ थांबवून खेळाडूंना जवळ बोलावता येतं. समोरचे एकामागून एक बास्केट करत सुटले, आपल्या पोरांची त्रेधा उडाली, की कुठलाही शहाणा प्रशिक्षक तेच करतो. हा करायचा नाही. खिशात हात घालून उभा! हातची आघाडी निसटतेय, हा उभा. पोरं भांबावलीत, हा उभा. सामना संपायचा आणि याचे टाइमआउट शिल्लक. काय करणार होता त्यांचं? नातवंडांसाठी राखून ठेवणार होता?

"अहो, टाइमआउट घ्या! टाइमआउट!" बाई माझ्यातून ओरडायच्या. शेजारच्या खुर्चीवर दर सामन्याला बसणाऱ्या आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला हसू आवरायचं नाही. "बाई, शिव्या घालायच्या त्याला अहो-जाहो कशाला?"

"जावई आहेत माझे," बाई म्हणायच्या आणि पुन्हा बटण दाबायच्या.

आणि तेच जावई रविवारी जेवायला आले की बाईंची जीभ टाळ्याला चिकटायची. "जावईबापू, अजून थोडं वाढू का?" बस्स, एवढंच. जावयाला कसं बोलायचं? मी खुंटीवरून बघत होतो आणि जळफळत होतो. अहो, माणूस हाताच्या अंतरावर बसलाय, विचारा की!

दुसऱ्या वर्षी संघाच्या मालकाने जाहीर केलं की अंतिम फेरी गाठली तरच प्रशिक्षक राहील. तो गेला म्हणजे लेक जाणार, आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारी नातही जाणार. उपांत्य सामन्याला बाई आल्या त्या हा घोर घेऊनच.

आम्ही चांगले पुढे होतो. शेवटच्या सत्रात समोरच्यांनी सपाटा लावला. पिटुकल्याच्या हातून चेंडू निसटला, लगेच पुन्हा निसटला. बाईंचा घसा बसला, माझाही बसायची वेळ आली. प्रशिक्षकाचे हात खिशातच. आम्ही हरलो.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका धटिंगणाने मला हिसकावलं आणि प्रशिक्षकाला, त्याच्या बायकोला, त्याच्या आईला जे बोलायचं ते माझ्यातून बोलला. भोंग्याला नाही म्हणता येत नाही. जो बटण दाबेल त्याची घाण माझ्या तोंडात. बाईंनी त्याचं मनगट पिरगाळून मला सोडवलं. माझ्या तोंडाला चीर गेली आहे ती त्या झटापटीतली.

दुसऱ्या दिवशी मालकाने जावयांना काढलं. दुपारी ते एकटेच घरी आले आणि टेबलाशी बसून राहिले. बाईंनी चहा ठेवला. मग साध्या आवाजात, मला हातही न लावता, त्यांनी विचारलं, "जावईबापू, टाइमआउट का नाही घेतलात?"

"पोरांना आपलं आपण सावरता आलं पाहिजे, आई," जावई म्हणाले. "मी खेळायचो तेव्हा आमचे कोच ऊठसूट बोलावून झापायचे. मी स्वतःचं डोकं चालवायला शिकलोच नाही. काल एकाने जरी माझ्याकडे बघितलं असतं ना, तरी घेतला असता."

"बुडणारं पोर हाक मारत नाही, जावईबापू. श्वास घेण्यातच त्याचा सगळा जीव जातो. ओरडणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. गप्प झालेलं पोर दिसलं की मी उडी मारायचे."

जावयांनी कप बाजूला सरकवला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते की! दोन वर्षं बोंबलतेय!"

"तिथे सगळेच ओरडतात, आई. मला एक अक्षर कळत नाही. इथे सांगायचंत ना, रविवारी."

दोन वर्षं, मित्रांनो! दोन वर्षं मी घसा फोडला आणि त्या माणसाला एक अक्षर कळलं नव्हतं!

जावयांना दूरच्या शहरात दुसरा संघ मिळाला. लेक आणि नात गेल्या. परवा टीव्हीवर त्यांचा सामना होता, आमच्याच संघाशी. आमच्या पोरांनी धडाधड बास्केट केले, त्यांचा एक कोवळा खेळाडू गोंधळून गप्प झाला, आणि जावयांचे हात खिशातून बाहेर आले. टाइमआउट! त्यांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलले, आणि पुढे आमचा संघ हरला.

"आता घेतात! माझ्याच संघाविरुद्ध!" बाईंनी उशी टीव्हीवर फेकली. मग उठून ती उचलली आणि मांडीवर घेऊन बसल्या.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, बॅटऱ्या बदला, असलं काही मी मागत नाही. एवढंच ऐका. जो माणूस तुमच्यासमोर बसून जेवतो, त्याच्यासाठी भोंगा उचलू नका. जे खुपतं ते त्याच्या तोंडावर सांगा, तो समोर आहे तोवर सांगा. रविवारी आता बाई एकट्या जेवतात. लेकीचा फोन येतो तेव्हा म्हणतात, "इकडे सगळं छान आहे गं, काळजी करू नकोस." खोटं आहे. साफ खोटं. माझं बटण कोणी दाबलं असतं तर मी सांगितलं असतं.