मूळ डिझाइनमधला दोष

ऑफिसात तिला सगळे हातोडीबाई म्हणत. कारण उघड होतं. पूल दिसला की बाईंनी हातोडी काढलीच. काँक्रीट खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आतली सळई गंजलेली. समुद्राकाठच्या हमरस्त्यावरच्या पुलाची ती जुनी कमान आज तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकली. निम्मी बद्द वाजली. आता पूल पाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि तो पूल तिच्या बाबांनी डिझाइन केला होता.

बरं, बद्द वाजली कुठे? नेमकी डागडुजीच्या ठिगळांच्या कडेने. वीस वर्षांपूर्वी ती ठिगळं हिनेच लावून घेतली होती, मोठ्या हौसेने, वरिष्ठांशी भांडून. जुन्या काँक्रीटमध्ये समुद्राचं मीठ मुरलेलं असतं. ते तसंच ठेवून मधे मधे नवं भरलं, की ठिगळाशेजारची सळई झपाट्याने गंजते. तेव्हा हे तिच्या गावीही नव्हतं. बाबांचा पूल तिने मायेपोटी मारला होता, आणि ते कुणाला सांगायची तिची छाती होत नव्हती.

घरी बाबा वाटच बघत होते. वय त्र्याण्णव, कान गेलेले, जीभ शाबूत.

"काय म्हणते आमची म्हातारी कमान?"

"पाडणार, बाबा!" ती ओरडून म्हणाली. बहिऱ्या माणसाला वाईट बातमी हळू आवाजात देता येत नाही, हा आणखी एक जाच.

 बाबा म्हणाले, "कमान नाजूक दिसावी म्हणून सळईवर काँक्रीट कमी ठेवलं मी. तसंच लिही रिपोर्टात. मूळ डिझाइनमधला दोष."

"काहीतरीच काय, बाबा! नकाशे आहेत माझ्याकडे. भरपूर ठेवलं होतं तुम्ही."

"ते काय मला ठाऊक नाही?" ते चिडले. "तुझी अजून सहा वर्षं नोकरी आहे. माझं आता कोण काय वाकडं करणार? लिही."

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. तिला ढसाढसा रडू आलं. नाही, नाही म्हणत राहिली, आणि सोमवारी तिने तसंच लिहिलं.

वरिष्ठांनी रिपोर्ट वाचला आणि कधी नव्हे ती तत्परता दाखवली. त्याच दिवशी हुकूम निघाला, की याच माणसाने डिझाइन केलेले उरलेले चार पूलही पाडावेत. ते चारही धडधाकट होते. त्यांना हिचा हात कधी लागला नव्हता.