पेस्टचं पान आणि चिमाजीचा कोट

पैज लागली ती धुळवडीच्या सकाळी, तिवंध्याच्या गल्लीत, होळीची राख अजून गरम असताना.

"कॉम्प्युटरबरोबर येणारं माहितीचं पान आजवर एका माणसानं वाचलेलं नाही," चिमाजी म्हणाला. "मिक्सरबरोबरचंही नाही. लोक आधी बटण दाबतात, मग बोंबलतात."

"माझं वाचतील, काका," वरच्या मजल्यावरची संध्या म्हणाली.

"लाव पैज!"

"लावली."

चिमाजीचं कोपऱ्यावर लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. पन्नाशी आली तरी अंगातली खोडी गेली नव्हती. मागे त्यानं शेजारच्या झुंबरबाईंच्या दारावर 'येथे मांजरांना टॉनिक मिळेल' अशी पाटी चिकटवली होती. खरंच दोन बायका मांजरं घेऊन आल्या, आणि झुंबरबाई महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

पैज अशी ठरली. संध्या हरली तर तिनं चौकात उभं राहून ओरडायचं, "चिमाजीकाका, तुमचंच खरं!" चिमाजी हरला तर त्यानं रंगपंचमीला लग्नातला कोट घालून रहाडीत उडी मारायची. रहाड म्हणजे चौकातला जुना दगडी हौद. वर्षभर मातीखाली बुजलेला असतो, त्या एका दिवशी उघडून रंगीत पाण्यानं भरतात. कोटाला बावीस वर्षांत चिमाजीनं कुणाला बोटही लावू दिलं नव्हतं.

संध्याचं मात्र कोटापेक्षा जास्त अडकलं होतं. सिन्नरच्या फॅक्टरीतली नोकरी सुटल्यापासून ती घरीच होती. पुण्याच्या काही मंडळींनी मराठीत लिहायला एक एडिटर, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहायचा प्रोग्राम, बनवला होता, त्याची माहिती लिहायचं काम तिला मिळू घातलं होतं. अट एकच. कॉम्प्युटर न येणाऱ्या माणसाला नुसतं पान वाचून जमलं, तर पुढचं सगळं पुस्तक तिचं. नाहीतर रामराम.

पान होतं कॉपी-पेस्टचं. एरवी दुसरं काही कॉपी केलं की पहिलं जातं. या एडिटरमध्ये जात नव्हतं. शेवटच्या वीस गोष्टींची यादी राहायची, त्यातलं हवं ते उचलायचं.

"कोण बसणार वाचायला?" संध्यानं विचारलं.

"झुंबरबाई," चिमाजी म्हणाला. त्या माउसला उंदीरमामा समजून पळतील अशी त्याची खात्री होती.

तरी नशिबावर सोडेल तो चिमाजी कसला! रंगपंचमीच्या आदल्या दुपारी गल्ली संध्याच्या खोलीत जमायची होती, त्याआधीच चिमाजी वर गेला. संध्या सगळ्यांचा चहा टाकायला आत गेली तसा हा "बघू तरी तुझं यंत्र" म्हणत खुर्चीत बसला. दुकानात त्याचा कॉम्प्युटर होताच. टाइप करणं आणि कॉपी करणं, एवढ्यात त्याचा हात बसलेला. 'झुंबरबाई घोरतात'पासून 'झुंबरबाईंचे पापड वातड'पर्यंत वीस ओळी त्यानं लिहिल्या, एकेक कॉपी केली आणि पडद्यावरचा कागद पुसून टाकला. हिशोब सरळ होता. सिन्नरची जीप एकदा खच्चून भरली की नवा माणूस बाहेर लोंबकळतो. यादीही तशीच भरली. आता झुंबरबाईंच्या ओळींना जागा कुठली?

गल्ली जमली. झुंबरबाई चष्मा लावून बसल्या. पान मांडीवर. बोलायचं कुणीच नाही असं ठरलेलं.

त्यांनी बोटानं ओळ धरून मोठ्यानं वाचलं. "तीन ओळी लिहा." दोन बोटांनी लिहिल्या: गूळ. खोबरं. सुंठ. "प्रत्येक ओळ निवडून कंट्रोल आणि सी दाबा." दाबलं. खोबरं दोनदा निसटलं. चिमाजीनं मिशीला पीळ दिला. संध्यानं पदराचं टोक बोटाभोवती इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

"आता तिन्हींतली सगळ्यात आधी कॉपी केलेली ओळ परत आणू. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकदम दाबा." यादी उघडली.

झुंबरबाई थांबल्या. वाचलं. पुन्हा वाचलं.

"माझे पापड वातड?"

गल्ली हसून फुटली. "बोलायचं नाही, बोलायचं नाही!" चिमाजी ओरडला, आणि स्वतःच सगळ्यात जास्त बोलला.

"थांब, तुला नंतर बघते. आधी पान," झुंबरबाई म्हणाल्या. "'सर्वांत नवं सर्वांत वर असतं. यादी भरली असेल तर जुनं खालून आपोआप गळून पडतं.' म्हणजे माझं वरच असणार. सुंठ, खोबरं, गूळ. खाली बाण दोनदा. एंटर."

पडद्यावर गूळ उमटला.

"अरे पण यादी भरलेली होती!" चिमाजीच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हाला कसं ठाऊक, काका?" संध्या म्हणाली. "पान वाचलं असतंत तर एवढी मेहनत वाचली असती."

"नाहीच वाचलं! म्हणजे माझंच खरं, बघा. माणसं वाचत नाहीत."

"मी काय मांजर आहे?" झुंबरबाईंनी विचारलं.

संध्यानं त्याच संध्याकाळी पानात एक ओळ वाढवली: यादीत नको ते शिरलं असेल तर ती कशी पुसायची. मग झुंबरबाईंना जमलं हे कळवून पान पुण्याला धाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, पुढची पानं सुरू करा.

दुपारी रहाडीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. चिमाजी कोट घालून आला. पोटावर बटण लागेना, ते बायकोनं सेफ्टी पिनेनं भागवलं होतं. तो काठावर उभा राहिला, खाली पिवळ्या पाण्याकडे बघितलं.

"कोट काढून मारली तर चालेल का?"

"नाही!" अख्खी गल्ली.

"झुंबरबाई, तुम्ही तरी..."

झुंबरबाई पुढे आल्या, कोटावरची धूळ हळूच झटकली, आणि त्याच हातानं त्याला ढकललं.